पावणेआठची चिठ्ठी

४ फेब्रुवारी

बारक्या,

काल फोनवर मी मुद्द्याला हात घालणार, तोच तुमची घंटा वाजली आणि तू अर्धं वाक्य तसंच टाकून पळालास. कुठे आग लागली होती ते विचारत नाही, पण माझं बोलणं तिथेच विझलं. म्हणून हे पत्र. पत्र मध्येच ठेवून पळालास तरी परत आल्यावर ते तिथेच असेल.

डोळ्याच्या डॉक्टरीणबाईंनी तारीख दिली आहे, २४ फेब्रुवारी. उजवा डोळा. डाव्याचं आता फारसं काही करता येणार नाही म्हणाल्या. डोळ्यातला दाब वाढत चाललाय, आणि या दुखण्यात गेलेली नजर परत येत नाही, उरलेली तेवढी राखायची असते. ऑपरेशन अर्ध्या-पाऊण तासाचंच आहे. खरी गोम त्याच्या पुढे आहे. नंतर पंधरा दिवस वाकायचं नाही आणि वजन उचलायचं नाही. आता तूच सांग, बाबांना दिवसातून सहा वेळा कुशीवर वळवायचं, खुर्चीत बसवायचं, हे न वाकता कसं करतात?

बाई ठेव म्हणशील. मागे दोन दिवस ठेवून पाहिली होती. बाबांनी तोंड इतकं घट्ट मिटून घेतलं की पाण्याचा थेंब आत जाऊ दिला नाही. अर्धं अंग लुळं पडलंय, हट्ट मात्र दोन्ही बाजूंनी शाबूत आहे. शेजारच्या काकू माझ्याबरोबर दवाखान्यात यायला तयार आहेत, पण त्यांचेच गुडघे त्यांना उचलत नाहीत, त्या बाबांना काय उचलणार?

तेव्हा २२ तारखेला संध्याकाळपर्यंत तू इथे हवास आणि पुढे पंधरा दिवस. बाबा पडले त्याला सहा वर्षं झाली. या सहा वर्षांत तुझ्याकडे काही मागितलं नाही, हे ऐकवणार नव्हते. पण लिहून झालं, आता खोडत नाही.

तुझी,
ताई

९ फेब्रुवारी

ताई,

येतो. हे पहिल्याच ओळीत लिहितोय, म्हणजे पुढचं वाचेपर्यंत तुझा जीव टांगणीला लागायला नको. रजेचा अर्ज कालच टाकला.

मी फोनवर सारखं 'बघू, बघू' म्हणतो त्याचा तुला राग येतो, म्हणून एकदा नीट सांगतो. आमची ड्युटी सकाळी आठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी आठ. आम्ही बाहेर पडायचं तेव्हा दुसरी पाळी आत यायची. पाळीला बारा माणसं लागतात, येतात नऊ. भरती कित्येक वर्षांत झालेली नाही. मग उरलेले तीन कुठून आणायचे? आमच्यातलेच. पावणेआठला साहेब चिठ्ठी घेऊन येतात आणि तीन नावं वाचतात. नाव आलं की आणखी चोवीस तास आत. नाही म्हणायची सोय नाही. थांबायला सांगितल्यावर फाटकाबाहेर पाऊल टाकलं तर 'कामावरून पळाला' असा शेरा आणि निलंबन.

पावणेआठला आमचं ठाणं बघण्यासारखं असतं. एरवी जळत्या घरात बेधडक शिरणारे गडी संडासात कडी लावून बसतात. आमच्यातला उंच्या एकदा बंबाखाली जाऊन आडवा पडला, तेल गळतंय म्हणे. साहेबांनी बाहेर आलेले पाय बघितले आणि पायांकडे बघूनच नाव वाचलं.

युनियननं आता नोटीस दिली आहे. पाळी संपल्यावर सक्तीनं थांबवणं बंद करा, एवढीच मागणी. आमच्या पुढाऱ्याला सगळे 'कायदा' म्हणतात, कारण तो चहा मागतानाही कलम सांगतो. कामगार कचेरीत सुनावणी लागली आहे. कोण कधी थांबलं याची नोंदवही मी लिहितो, अक्षर बरं आहे म्हणून. कायदा म्हणतो, ती वही म्हणजे आपला हुकमाचा पत्ता.

असो. २२ ला संध्याकाळी दारात उभा असेन. बाबांना सांग.

बारक्या

१४ फेब्रुवारी

बारक्या,

तुझी पहिली ओळ वाचली आणि पत्र तिथेच खाली ठेवून आधी चहा केला. बाकीचं निवांत वाचलं. उंच्याचे पाय बाबांनाही वाचून दाखवले, त्यांच्या चांगल्या बाजूचा ओठ हलला. ते हसू होतं असं मी धरून चालते.

अक्षर बरं आहे म्हणे. पाठीत धपाटे घालून मी ते गिरवून घेतलं होतं, हे साहेबांना सांगितलंस का?

बाबांचे आता दोनतीनच शब्द राहिलेत. त्यातला एक तुझ्यासाठी आहे. रोज सकाळी आठ वाजले की दाराकडे बघून विचारतात, 'सुटला?' आधी मी सगळं समजावून सांगायचे. आता 'हो, सुटला' म्हणते आणि तोंड पुसायला घेते.

एक सांगते, राग मानू नकोस. त्या कायद्याच्या नादानं ऐन वेळी शहाणपणा करू नकोस. हात वर करायची वेळ आली की तुझा हात सगळ्यात आधी वर जातो, लहानपणापासून. मोर्चा, घोषणा, काय करायचं ते मार्चमध्ये करा. फेब्रुवारी माझा आहे.

माझं ठीक. दाराची चौकट अधूनमधून माझ्या डाव्या खांद्यावर येऊन आदळते, पण चूक तिचीच असते. उजवा डोळा आहे तसाच आहे.

ताई

१८ फेब्रुवारी

ताई,

वाईट आधी सांगतो. युनियननं नोटीस दिली म्हणून सगळ्यांच्या रजा बंद केल्या आहेत. माझा अर्ज परत आला, वर लाल शाईत 'नामंजूर'.

तरी मी येतोय. २२ ला सकाळी आठला माझी पाळी सुटते. सव्वानऊची गाडी आहे, ठाण्यापासून स्टेशन चालत पंचवीस मिनिटं. बॅग २१ लाच ड्युटीवर घेऊन जाणार. तुझ्याकडे पोचलो की आजारी पडेन आणि दाखला पाठवून देईन. तुमच्याकडचे डॉक्टर तेवढं करतीलच.

चिठ्ठीची काळजी नको. सगळ्यांना तुझ्या डोळ्याचं सांगितलंय. थांबवायच्या यादीत माझा नंबर खाली आहे, आणि चुकून नाव आलंच तर माझ्याऐवजी मामा उभे राहणार आहेत. मामा म्हणजे आमचे पंपवाले, सगळ्यांचेच मामा. निवृत्तीला वर्ष राहिलंय, कंबर दुखते, तरी स्वतःहून म्हणाले, 'तू बॅग उचल आणि पळ, मी बघतो.'

आणि शहाणपणाचं म्हणशील तर, या खेपेला हात खिशात ठेवलाय.

बारक्या

२५ फेब्रुवारी

२२ ची गाडी येऊन गेली. वाटलं, चुकली असेल. २३ चीही आली आणि गेली. तुमच्या ठाण्यातून कोणा माणसाचा फोन आला, 'त्याला थांबवलंय.' कोणी, का, कधीपर्यंत, काही नाही. तुझ्या तोंडाला काय झालं होतं?

२४ ला सकाळी मी पिशवी भरून दारात बसले होते. काकू चप्पल घालून शेजारी उभ्या. बाबांनी आठला विचारलं, 'सुटला?' त्या दिवशी मी उत्तर दिलं नाही. नऊ वाजता काकू म्हणाल्या, 'चप्पल काढू का गं?' मग मी दवाखान्यात फोन केला.

नवी तारीख ३० मार्च. तोवर काही बिघडणार नाही ना, असं विचारलं. पलीकडची मुलगी म्हणाली, डॉक्टरांना विचारून सांगते. अजून सांगितलेलं नाही.

ताई

३ मार्च

ताई,

तो फोन उंच्याचा होता. मी करायला लावला. माझी हिंमत झाली नाही.

२२ ला पावणेआठला साहेबांनी पहिलंच नाव माझं वाचलं. मामा लगेच पुढे झाले, म्हणाले, मी थांबतो. साहेब म्हणाले, 'चिठ्ठीवर तुमचं नाव नाही.' मी तुझं सगळं सांगितलं, तारीख, डोळा, बाबा. त्यांनी ऐकून घेतलं, अगदी मान हलवत, आणि म्हणाले, 'प्रत्येकाच्या घरी काहीतरी असतंच.' नंतर कळलं, बॅग दिसली म्हणूनच माझं नाव घातलं होतं. पुढचा दिवस माझ्या नेहमीच्या पाळीचा. म्हणजे २१ ला आत गेलो तो २४ ला बाहेर आलो.

त्या दिवशी मोठी आग लागली असती तर निदान तुला सांगायला तोंड राहिलं असतं. पण चोवीस तासांत एक घंटा वाजली नाही. मी पाइप धुतले, वाळत टाकले, गुंडाळले. दुपारी बाकावर बसून फाटकाकडे बघत होतो. फाटक सताड उघडं असतं आमचं, बंब निघायला अडचण नको म्हणून.

पण हे सांगायला पत्र लिहीत नाहीये. काल सुनावणी झाली. कायद्यानं नोंदवही पुढे ठेवली, मोठ्या दिमाखात. त्या एका वहीतच चारशेच्या वर नोंदी. अधिकाऱ्यांनी चष्मा लावला आणि वाचायला लागले. तारीख, नाव, किती तास, आणि शेवटच्या रकान्यात कारण. पहिल्या पानावर कारण 'स्वखुशीने'. दुसऱ्या पानावर 'स्वखुशीने'. त्यांनी वही मधूनच उघडली, शेवटून उघडली. सगळीकडे तेच. अक्षर माझं, खाली सह्या ज्याच्या त्याच्या.

पाच वर्षांपूर्वी आमचे जुने साहेब होते, भला माणूस. चोवीस तासांवर कोणाला थांबवायचं तर मुख्य कचेरीची परवानगी लागते, तीन प्रतींत. माणूस आपणहून थांबला तर लागत नाही. ते म्हणाले, 'स्वखुशीने लिहून टाका, मी पुढच्या पाळीला तुम्हाला दोन तास लवकर सोडतो.' आणि सोडायचेही. तेव्हा सगळे खरंच खुशीत होते. ते निवृत्त झाले, हे नवे आले. दोन तास गेले, शब्द राहिला. पावणेआठच्या धावपळीत मी भराभरा लिहितो, बाकीचे न वाचता सही करतात. मी तरी कुठे वाचत होतो? हात आपोआप लिहायचा.

अधिकाऱ्यांनी शेवटची नोंद मोठ्यानं वाचली. २२ फेब्रुवारी, माझं नाव, चोवीस तास, स्वखुशीने. बॅग पायाशी होती ताई, आणि मी हे माझ्या हातानं लिहिलं होतं.

कायदा ओरडला असता तर बरं झालं असतं. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाला, 'अक्षर मात्र फार सुंदर आहे हां तुझं.'

पुढची सुनावणी २६ मार्चला.

बारक्या

९ मार्च

बारक्या,

उत्तर द्यायला उशीर केला, कारण पहिल्या दोन दिवसांत जे लिहिलं असतं ते तुला जन्मभर पुरलं असतं.

काकूंना पत्र वाचायला दिलं. त्या म्हणाल्या, 'अगं, मुलगा साधा आहे.' मी म्हटलं, साधा नाही, बावळट आहे. पाच वर्षं एक शब्द रोज लिहायचा आणि त्याचा अर्थ एकदाही मनात येऊ नये? मी तुझं अक्षर गिरवून घेतलं, डोकं गिरवून घ्यायचं राहिलं.

आता डोळ्याचं खरं सांगते. १४ फेब्रुवारीच्या पत्रात 'आहे तसाच आहे' लिहिलं होतं, ते खोटं होतं. आता उजव्या डोळ्यालाही अंधार कडेनं खायला लागलाय. समोर बघितलं तर सगळं लख्ख दिसतं, सुईत दोरा ओवते. बाजूचं काहीच नाही. परवा पाण्याचा पेला टेबलावर ठेवला तो टेबलाच्या बाहेर ठेवला. बाबांच्या पायाजवळ काचा झाल्या. गुडघ्यांवर बसून हातानं चाचपून एकेक वेचली, बाबा वरून बघत होते आणि त्यांना बोलता येत नव्हतं. मला फार भीती वाटली. बाबांच्या अंगाला काच लागेल याची नाही, माझीच.

३० तारखेला मला फसवू नकोस. कसं यायचं ते तुझं तू बघ.

ताई

१५ मार्च

ताई,

काल साहेबांनी खोलीत बोलावलं. दार लावून घेतलं, खुर्ची दिली. आजवर त्यांच्यासमोर मी कधी बसलो नव्हतो. म्हणाले, 'बहिणीचं ऑपरेशन ३० ला ना? २८ पासून अठरा दिवस रजा देतो, लेखी देतो.' आणि एक टाइप केलेला कागद पुढे सरकवला. त्यात मी म्हणतोय की नोंदवहीतला शब्द मी प्रत्येक माणसाला विचारून, त्याच्या सांगण्यावरूनच लिहिला. सही करून दिली की झालं, सुनावणीला हजर राहायचीही गरज नाही.

सही केली तर युनियनची केस तिथेच संपली. शहरातल्या सगळ्या ठाण्यांत मिळून आमचा तीनशे-साडेतीनशे माणसांचा रोजचा पावणेआठ कायमचा झाला.

नाही केली तर २६ ला मला उभं राहून खरं सांगावं लागेल, की मी कोणालाही विचारलं नाही. म्हणजे पाच वर्षं सरकारी वहीत खोट्या नोंदी केल्या, हे मी माझ्या तोंडानं कबूल करायचं. त्यावर निलंबन ठरलेलं. आणि निलंबित माणसाला शहर सोडता येत नाही, रोज सकाळी आठला ठाण्यात येऊन हजेरी द्यावी लागते, चौकशी संपेपर्यंत. म्हणजे तिकडूनही तुझ्याकडे येता येत नाही. मी कालपासून कोपऱ्यात कोंडल्यासारखा फिरतोय. सगळीकडून विचार करून बघितला, दार एकच आहे आणि त्याची किल्ली साहेबांच्या टेबलावर आहे.

कायद्याला अजून काही बोललो नाही. मामा कालपासून थांबलेत, या आठवड्यात दुसऱ्यांदा. मला बघून म्हणाले, 'या वेळी तरी बहिणीकडे पोच.'

तू सांग. तू सांगशील तसं करतो. २४ पर्यंत मुदत आहे.

बारक्या

१९ मार्च

बारक्या,

सही करू नकोस.

माझ्या एका डोळ्यासाठी तीनशे घरांतल्या बायकामुलांनी रोज सकाळी दाराकडे बघत बसायचं, हे मला नको. मामांचा विचार कर. त्यांनी तुझ्याऐवजी थांबायची तयारी दाखवली होती. अशा माणसांच्या पाठीत सुरा खुपसून वाचवलेला डोळा मी कोणाला दाखवू?

माझं मी बघेन. काकूंची सून चार दिवस येते म्हणतेय. बाबांची समजूत काढेन. नाहीच जमलं तर तारीख पुढे ढकलेन, डोळा काही पळून जात नाही.

तू खरं ते सांग आणि ताठ मानेनं राहा.

ताई

२४ मार्च

ताई,

आनंदाची बातमी. रजा मंजूर झाली! कायदा साहेबांशी बोलला, बरीच घासाघीस झाली, शेवटी त्यांनाही दया आली असावी. कागदाचा विषय आपोआप मागे पडला. २८ ला संध्याकाळी पोचतो. काकूंच्या सुनेला त्रास देऊ नकोस.

बारक्या

२२ एप्रिल

बारक्या,

हे पत्र मी उजव्या डोळ्यानं बघत, समासात न घसरता लिहिलंय. बघ, ओळी सरळ आहेत की नाही. काल डॉक्टरीणबाईंनी दाब मोजला, म्हणाल्या, उतरलाय, आहे एवढी नजर राहील. एवढी म्हणजे किती, तर टेबलाची कड दिसते. मला पुरे आहे. आता बाबांना पुन्हा मीच वळवते. तुझ्या हाताची सवय लागलीय त्यांना, मला बघून तोंड वाकडं करतात. वाकडं आहेच म्हणा, जास्त करतात.

गल्लीत सगळ्यांना सांगितलं, माझ्या भावाच्या युनियननं त्याला भांडून रजा मिळवून दिली. काकू म्हणाल्या, अशी युनियन आम्हा सासवांना पण हवी. तुझ्या कायद्याला माझा नमस्कार सांग.

इथे होतास तेव्हा तुला ठाण्यातून एकही फोन आला नाही. रजेवरच्या माणसाला तुम्ही फारच शांततेत ठेवता, असं मला वाटून गेलं. सुनावणीचं काय झालं ते तू बोलला नाहीस आणि बाबांच्या गडबडीत माझंही विचारायचं राहिलं. कळव.

ताई

२ मे

ताई,

कायद्याला तुझा नमस्कार सांगता येणार नाही. तो माझ्याशी बोलत नाही. कोणीच बोलत नाही.

मी २३ मार्चला सही केली. तुझं पत्र आदल्या दिवशी हातात पडलं होतं, तीनदा वाचलं होतं, तरी केली. दया, घासाघीस, सगळं मी रचलं.

निकाल २० एप्रिलला लागला. तक्रार फेटाळली. 'कामगार स्वखुशीने थांबतात हे नोंदवही लिहिणाऱ्याच्याच जबाबावरून सिद्ध होते.' आता पावणेआठला तीनऐवजी चार नावं वाचतात, कारण आता विचारणारंच कोणी नाही. कोणी संडासात लपत नाही. सगळे रांगेत उभे राहतात. आणि वही अजून मीच लिहितो, साहेबांनी मुद्दाम माझ्याकडेच ठेवली आहे. एकेक जण येतो, माझ्याकडे न बघता सही करतो, पेन टेबलावर ठेवतो. हातात देत नाही.

माझं नाव चिठ्ठीत कधीच येत नाही. दर खेपेला पाळी सुटली की आठला मी बॅग उचलतो आणि सगळ्यांसमोरून फाटकाबाहेर पडतो. फाटकापर्यंत तीस-पस्तीस पावलं असतील. गेल्या शुक्रवारी मामांचं नाव आठवड्यात तिसऱ्यांदा आलं. ते कंबरेला हात लावून बाकावर बसले. मी साहेबांना म्हटलं, त्यांच्याऐवजी मला थांबवा. ते हसले. म्हणाले, 'तुमच्या घरी आजारपण आहे ना? जा, घरी जा.' सगळे ऐकत होते. मी गेलो, ताई. काय करणार होतो?

वर अपील करता येतं, ३१ मेपर्यंत. पण त्याला नवा पुरावा लागतो, म्हणजे मीच. जबाब खोटा होता असं मी म्हटलं तर निलंबन नाही, सरळ बडतर्फी.

तू स्पष्ट लिहिलं होतंस, सही करू नकोस. मी ऐकलं नाही. तुझ्या डोळ्याची ढाल पुढे करणार नाही, सही माझी आहे. मला माफ कर. आणि आता काय करू ते सांग, कारण माझं डोकं चालत नाही.

बारक्या

९ मे

बारक्या,

माफी मागू नकोस. मला माहीत होतं.

२८ ला तू दारात उभा राहिलास, बॅग खाली ठेवलीस आणि माझ्याकडे न बघता सरळ बाबांच्या खोलीत गेलास, तेव्हाच कळलं. पंधरा दिवस मी एकदाही विचारलं नाही. बाबांची गडबड वगैरे काही नव्हती. विचारलं असतं तर तू सांगितलं असतंस, आणि मग मला तुला परत पाठवावं लागलं असतं. म्हणून गप्प बसले. मागच्या पत्रातला तो नमस्कारही मी जाणूनबुजून लिहिला. तू खोटं सांभाळत होतास, मीही त्याला टेकू दिला.

पण त्याच्याही आधीचं सांगायचं आहे. 'सही करू नकोस' हे मी लिहिलं खरं. लिहिताना मला पक्कं ठाऊक होतं की तू ऐकणार नाहीस. ऐकशील अशी जरा जरी शंका असती ना, तर मी ते लिहिलं नसतं. काकूंच्या सुनेला मी काहीच विचारलं नव्हतं. ते पत्र पेटीत टाकून परत येताना मी घराच्या पायरीवर बसले आणि म्हटलं, देवा, त्याला सही करू दे. मला डोळा हवा होता, बारक्या. तीनशे घरं मला दिसतही नव्हती, मला टेबलाची कड दिसत नव्हती.

चांगलं तेवढं मी लिहिलं आणि वाईट तेवढं तुझ्या अंगावर टाकलं. तू वहीत जे लिहायचास तेच मी केलं, फरक एवढाच की मी विचार करून केलं. आणि हे पहिल्यांदा नाही. बाबा पडले तेव्हा तू विचारलंस, ताई, एकटीला जमेल का? मी म्हटलं, मी आहे ना, तू जा खुशाल. म्हणताना वाटत होतं, हा नाही जाणार. तू गेलास. सहा वर्षं मी तुझ्यावर त्याचा राग धरला आणि तुला कधी कळू दिला नाही.

सोबत तुझी दोन पत्रं परत पाठवते आहे. १८ फेब्रुवारीचं, ज्यात २२ ला कुठल्या गाडीनं निघणार ते तू लिहिलंयस. आणि १५ मार्चचं, ज्यात साहेबांनी कागद पुढे सरकवला ते सगळं आहे. तारखा आहेत, पाकिटांवर टपालाचे शिक्के आहेत. कायद्याला यातून अपील उभं करता येईल असं मला वाटतं. तुझी नोकरी जाईल, हेही मला दिसतंय. गेली तर इथे ये. घर लहान आहे, बाबा आहेत, मी आहे. नाही दिलीस तर नोकरी राहील आणि तू रोज आठला त्या फाटकातून बाहेर पडशील.

द्यायची की जाळायची, तुझं तू ठरव. फक्त मला विचारू नकोस. विचारलंस तर मी पुन्हा काहीतरी चांगलंच लिहीन.

तुझी,
ताई